बासष्ट सेंटिमीटरचा रस्ता

रविवार, ३ नोव्हेंबर

काय घडलं ते आधी क्रमाने लिहून ठेवते. मत नंतर.

१. १४ जूनला आईने आमच्या परसातल्या मागच्या भिंतीचे अकरा ठोकळे काढले. भिंतीपलीकडे ऐंशी सेंटिमीटरची मोकळी पट्टी, तिच्यापलीकडे दुसरी भिंत, आणि त्या भिंतीमागे माझ्या मोठ्या मावशीचं, लमुनमावशीचं स्वयंपाकघर. त्या भिंतीचे ठोकळेही आईनेच काढले.

२. भोकाची रुंदी ६२ सेंटिमीटर, उंची १३०. आईच्या शेगडीपासून मावशीच्या शेगडीपर्यंत नऊ पावलं.

३. आमची वसाहत ‘लुसर्न लेकव्ह्यू’, मावशीची ‘प्रोव्हान्स पार्क’. प्रत्येकीला एकच फाटक. आमचं पश्चिमेच्या महामार्गावर उघडतं, तिचं पूर्वेच्या. फाटकांतून गेल्यास अंतर ७.८ किलोमीटर.

४. ऑगस्टमध्ये बांग तुरियन नगरपालिकेसाठी मी प्रभागातल्या सगळ्या वाटा मोजल्या. नियम असा की माणूस जिथून जाऊ शकतो ती वाट. मी भोक नोंदवलं.

५. रुंदीच्या रकान्यात ०.६२ लिहिलं. रकाना पूर्ण अंकच घेतो, त्याने १ करून टाकलं. त्या रकान्यात १ म्हणजे एक मीटर नव्हे, एकपदरी रस्ता. हे मला नंतर कळलं.

६. ऑक्टोबरपासून लोकांच्या फोनमधले नकाशे आमच्या परसातून रस्ता दाखवतात. कालपर्यंत २१४ मोटारी आमच्या गल्लीच्या टोकाशी येऊन मागे वळल्या.

७. आज सकाळी एक नवरदेव आमच्या स्वयंपाकघरातून गेला.

सातव्या कलमाला तपशील लागेल. नवरी प्रोव्हान्समधली. मुहूर्त ९ वाजून ९ मिनिटांचा. मिरवणूक आमच्या दारी पोचली तेव्हा ८:५२ झाले होते. लांब ढोल, केळीची दोन रोपं, उसाचे दोन जोड, एक्कावन्न माणसं. फिरून जायला एकतीस मिनिटं लागतात, हे मी सांगितलं. नवरदेवाची आई रडायलाच लागली.

आई म्हणाली, “रडताय काय? चपला काढा आणि चला आतून. ऊस आडवे धरा.”

मग स्वयंपाकघराच्या दारात कपड्यांची दोरी ताणून उभी राहिली. “फुकट नाही हं! नवरी हवी तर आधी मला पाकीट!”

“अहो काकू, नवरीकडच्यांनी दोरी धरायची असते!”

“भिंत माझी आहे. म्हणजे पहिला अडथळा माझाच.”

सगळे वाकून एकेक करून गेले. ढोल गेला नाही. तो आमच्या ओट्यावर ठेवून वाजवला. नवरदेव पलीकडे पोचला तेव्हा ९:०७ झाले होते. लमुनमावशी आपल्या ओट्याशी लसूण सोलत होती. इतकी माणसं बघून तिने विचारलं, “भात पुरेल ना गं?” थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. गर्दी होती, ऐकू आलं नसेल.

मत: चूक माझी आहे.

सोमवार, ४ नोव्हेंबर

पी वुत माझे विभागप्रमुख; वयाने मोठ्याला आम्ही ‘पी’ म्हणतो. त्यांना चूक सांगितली. रकाना दाखवला.

“भोक काढून टाकलं तर आकडा किती होतो?” त्यांनी विचारलं.

आकडा म्हणजे आडवळणाचा आकडा: रस्त्याने अंतर भागिले सरळ अंतर. भोक धरून प्रभागाची सरासरी ३.१. भोक न धरता ६.९.

पी वुतनी खिडकीतून उड्डाणपुलाकडे बघितलं. नगराध्यक्षांनी ३.१ चा फलक छापून उड्डाणपुलाला लावला आहे, ‘जवळ आलेलं शहर’. स्वतःच्या फोटोसह.

“खिंग,” ते म्हणाले, “रुंदी दुरुस्त कर. पायवाट असं लिही. रेघ पुसू नकोस. प्रभागाचे दोन भाग जोडणारी तेवढी एकच रेघ आहे.”

“भोक आहे ते, पी.”

“रस्ता म्हणजे दुसरं काय असतं?”

हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. रुंदी दुरुस्त केली. फोनमधले नकाशे बदलायला सहा आठवडे लागतात.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आमच्या वसाहत समितीचे अध्यक्ष, निवृत्त कर्नल प्रचुआप, दोन गवंडी घेऊन आले. त्यांनी मला सलामच ठोकला. कारण कळलं नाही.

“तिमबाई, वसाहतीचं फाटक चोवीस तास पहाऱ्यात असतं. ओळखपत्र ठेवल्याशिवाय माशी आत येत नाही. आणि तुमच्या ओट्यावरून वऱ्हाड जातं!”

“तुम्हाला बोलावलं नाही याचा राग आलाय का, कर्नलसाहेब?”

“सुरक्षेचा प्रश्न आहे.”

“कुणापासून? पलीकडे माझी बहीण राहते. गुडघे बदललेत तिचे. ती हल्ला करणार?”

दुपारी भोक बुजलं. दोन्ही भिंती. गवंड्यांना आईने जेवायला घातलं. चिंचेचं आंबट कालवण होतं; मावशीचा वाटा वाडग्यात काढून झाकून ठेवला, मग भिंतीकडे बघून झाकण पुन्हा काढलं.

संध्याकाळी मी दुचाकीवरून वाडगा पोचवला. ७.८ किलोमीटर, तेहेतीस मिनिटं, तीन ठिकाणी उलटं वळण. मावशी शेगडीपाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“तिम, भिंत आज बंद आहे,” ती मला म्हणाली.

मी तिम नाही, खिंग आहे, हे सांगितलं. आईचा आणि माझा चेहरा मिळताजुळता आहे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळी भोक उघडं होतं. दुपारी कर्नलनी बुजवलं. रात्री पुन्हा उघडं. सिमेंट सुकायला अठ्ठेचाळीस तास लागतात, आईला अठरा मिनिटं. मी आईला सांगितलं की हे दोन्ही बाजूंनी अनंत काळ चालू शकतं.

“मग चालू दे. माझ्याकडे छिन्नी आहे. त्याच्याकडे समिती आहे. समितीला बैठक घ्यावी लागते.”

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कर्नल हरले नाहीत. सकाळी नऊ वाजता ते पांढऱ्या वस्त्रातल्या एका पुरोहिताला घेऊन आले. दोन भोकांच्या मधोमध, पट्टीत, सिमेंटचा खांब रोवला आणि त्यावर राखणदाराचं, म्हणजे जागेच्या देवाचं, छोटं घर बसवलं. पांढरा रंग, सोनेरी छप्पर, आत चिमुकले नोकर-चाकर, दोन हत्ती. उदबत्त्या, झेंडूच्या माळा, लाल सरबताची बाटली, तिच्यात नळी.

भोकं दोन्ही उघडी आहेत. मधून जाता येत नाही. खांबाच्या एका बाजूला २१ सेंटिमीटर उरतात, दुसऱ्या बाजूला १९.

“फोडा आता,” कर्नल म्हणाले आणि हात जोडून नमस्कार केला. आईला की घराला, ते स्पष्ट नव्हतं.

आईने छिन्नी हातात घेतली होती. ती तिने खाली ठेवली आणि तिनेही हात जोडले.

“लबाड माणूस,” ती संध्याकाळी म्हणाली. “देवाला पहारेकरी केलं.”

“सिमेंटचा खांब आहे, आई. साधारण नव्वद किलो.”

“तू लाव हात.”

मी हात लावला नाही. कारण नोंदवण्यासारखं नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

पौर्णिमा. आज सगळे केळीच्या पानांचे द्रोण करून त्यात दिवा लावून पाण्यात सोडतात. मावशीला आमच्याकडे आणलं. तिने सुंदर द्रोण केला, पानाच्या घड्या जराही चुकल्या नाहीत. मग तो घेऊन परसात गेली आणि भोकापाशी उभी राहिली.

“कालवा कुठे गेला?”

“कालवा बुजवला, मावशी. बत्तीस वर्षं झाली.”

“हो का?” ती म्हणाली. “आणि खोड कुणी काढलं?”

पट्टीत चार सेंटिमीटर पाणी होतं, राखणदाराच्या खांबाभोवती. तिने द्रोण त्यात ठेवला. तो हलला नाही. ती बराच वेळ वाट बघत होती. मग म्हणाली, मला घरी जायचंय. तासाभरात चार वेळा म्हणाली. परक्या अंथरुणावर तिला झोप लागत नाही, म्हणून एकतीस मिनिटांचा रस्ता धरला.

मोटारीत तिने विचारलं, “एवढं लांब कुठे नेतेस?”

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज लॉटरीच्या सोडतीचा दिवस. आमच्या वसाहतीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने ६२ वर तिकीट घेतलं होतं; भोकाची रुंदी त्याने मलाच विचारली होती. शेवटचे दोन अंक ६२ लागले.

शंभरात एक शक्यता. विशेष काही नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

विशेष आहे. राखणदार अंक देतो अशी बातमी पसरली आणि सकाळपासून रांग लागली. लोक फोनमधल्या नकाशावरूनच येतात. त्यात अजून आमच्या ओट्यावरून एकपदरी रस्ता आहे. लाल सरबताच्या ६४ बाटल्या, नवसाला वाहिलेले झेब्र्यांचे ३८ मातीचे पुतळे, देवापुढे नाचायला भाड्याने आणलेली एक बाई. पुतळे भोकात, पट्टीत, ओट्यावर. एकजण खांबाला टाल्कम पावडर चोळून अंक शोधत होता. त्याला ४१ दिसले, त्याच्या बायकोला ४७. त्यांचं भांडण झालं.

इकडून दर्शन घेतलेल्यांना वाटतं की देवाचं तोंड पलीकडे आहे. मग ते मोटारीत बसून ७.८ किलोमीटर फिरून मावशीच्या दारी जातात. पलीकडचे तसेच इकडे येतात. दोन्ही महामार्गांवर कोंडी. ही कोंडी त्या दोन भोकांच्या मधल्या खांबामुळे आहे, हे मी पी वुतना आकृती काढून दाखवलं.

“वा,” ते म्हणाले. “म्हणजे वाटेची मागणी सिद्ध झाली.”

कर्नल दुपारी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “तिमबाई, हे मी मागितलं नव्हतं.”

“देव मागून थोडाच मिळतो? आता घेऊन जा तुमचा.”

“मला कसा नेता येईल? तो आता... लोकांचा झाला.”

“मग झेब्रे तरी न्या. मला ओट्यावर भाजी चिरायला जागा नाही.”

कर्नलनी दोन झेब्रे नेले. ते त्यांनी वसाहतीच्या फाटकावर, अडसराच्या दोन बाजूंना ठेवले आहेत.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

दुपारी २:१० ला आईचा फोन. भोकातून हाका मारल्या, मावशी घरात नाही. गॅस चालू, दार उघडं.

मी प्रोव्हान्समध्ये पोचले ३:०२ ला. पहारेकऱ्याने माझं ओळखपत्र ठेवून घेतलं, मगच अडसर उचलला. मावशी फाटकातून बाहेर गेलेली नव्हती. म्हणजे वसाहतीतच होती. ३१८ घरं, सगळी एकाच आराखड्याची, एकाच रंगाची. मी एका टोकापासून सुरुवात केली.

४:२६ ला सापडली. सातव्या गल्लीत, घर क्रमांक ८८/१९३, अनोळखी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात. लसूण सोलत बसली होती. घरातली बाई ओट्याला टेकून उभी होती, हातात झारा.

“तुमच्या का या? मागच्या दाराने आल्या आणि म्हणाल्या, तिम, कालवणात मासळीचा खार कमी आहे. चाखून बघितलं. खरंच कमी होता.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलणार? बरोबर होतं त्यांचं.” मग आवाज खाली करून म्हणाली, “तिसरं घर आहे हे. आधी १९१ मध्ये गेल्या होत्या, त्याआधी १८७ मध्ये. तिथे भात चढवून आल्या.”

मावशीला विचारलं, इकडे कशी आलीस. “नऊ पावलं,” ती म्हणाली. “मोजून आले. घर येईना म्हणून पुन्हा नऊ. पुन्हा नऊ.”

मी १८७ पासून पावलं टाकून बघितली. मागच्या दारापासून मागच्या दारापर्यंत खरंच नवाच्या पटीत येतात. मोजणीत चूक नव्हती. सगळी घरं सारखी असल्यामुळे दिशा चुकली, एवढंच. कुणाचीही चुकेल.

मावशी तीस वर्षं शाळेत अंकगणित शिकवायची. मी चार वर्षांची असताना पावलं मोजायला तिनेच शिकवलं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आईला विचारलं, खोड म्हणजे काय.

आई झेब्र्यांच्या मधून हात घालून मिरच्या खुडत होती. “माडाचं खोड. दोन बागांच्या मधे चर असायचा, पाण्याचा. पलीकडे जायचं तर खोड टाकायचं. झाला रस्ता. कुणाला विचारायचं नाही. इकडे आपली डुरियन फळांची बाग, तिकडे प्लुआंगआजोबांची. रोज संध्याकाळी पी लमुन माझा हात धरून खोडावरून न्यायची, त्यांच्याकडे. नऊ पावलं होती. मी घाबरायचे, म्हणून ती मोठ्याने मोजायची.”

“आणि चर?”

“हा काय,” ती म्हणाली आणि सुरीने पट्टीकडे दाखवलं.

कार्यालयात जाऊन जुने नकाशे काढले. पस्तीस वर्षांपूर्वी या प्रभागात २७ बागा आणि चरांवरून ओलांडायच्या १४३ जागा. बागा एकेक करून विकल्या गेल्या, ज्याने घेतली त्याने आपल्यापुरती भिंत घातली आणि आपल्यापुरतं फाटक ठेवलं. आज वसाहती २७, घरं ६,९००, ओलांडायच्या जागा एक. तीही माझ्या आईने काढलेली.

घरी आले तेव्हा आई म्हणाली, “खिंग, तू तिच्या चुका कधीपासून लिहून ठेवतेस?”

मी म्हटलं, मी चुका लिहीत नाही, जे घडतं ते लिहिते.

“मग वाच ना एकदा सगळं मिळून.”

वाचलं. भात. तिम. कालवा. खोड. नऊ.

आज यापुढे काही लिहीत नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

पट्टी कुणाची, ते आज भूमापन कार्यालयात शोधलं. दोन्ही वसाहतींची नाही. बुद्धसंवत २४९८ चा, म्हणजे इ. स. १९५५ चा, दाखला, रुंदी ८० सेंटिमीटर, लांबी ४१२ मीटर, मालक: श्री. प्लुआंग. मृत्यू २५१९. वारस नोंदलेला नाही. बाग विकताना चर विकायचा राहून गेला.

पी वुतना दाखला दाखवला. जुनं परिपत्रकही दाखवलं, जे त्यांनी पाहिलं नव्हतं: नकाशावर नोंदलेल्या वाटेत अडथळा असेल तर तो हलवणं नगरपालिकेचं काम आहे. अट एकच. जमिनीच्या मालकाला पंधरा दिवसांची सूचना, त्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर. उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरायचं.

“मालक मेलाय, खिंग.”

“परिपत्रकात तो जिवंत असावा असं म्हटलेलं नाही.”

त्यांनी पुन्हा वाचलं. “पत्ता काय टाकणार?”

“त्या जमिनीवर एकच घर आहे, पी.”

पी वुतनी चष्मा काढला. “म्हणजे तू राखणदाराला नोटीस देणार. त्याच्याच घरावर.”

“पुरोहिताला फोन केला होता. तो म्हणतो, राखणदार म्हणजे जमिनीचा पहिला धनी. त्याला विचारून, मुदत देऊन, मगच घर हलवता येतं. सरळ उत्तर नाही आलं तर संमती धरतात. दोन्हीकडचा नियम एकच आहे.”

“आणि त्याने उत्तर दिलं तर?”

“तर नोंदवीन.”

त्यांनी दाखला उलटून मागची बाजू बघितली. मग उड्डाणपुलावरच्या फलकाची आठवण झाली असावी. ३.१. त्यांनी सही केली, आणि सहीनंतर हळूच हात जोडले.

कर्नलना जाऊन सांगितलं. मला वाटलं, विरोध करतील. ते म्हणाले, “माझंही नाव खाली घाल. मी बसवलं, मीच विनंती करायला हवी.” मग विचारलं, “लमुनबाई कशा आहेत?” मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. “माझी आई पण असंच. शेवटी तिला फक्त विहिरीची वाट आठवायची. विहीर नव्हती तरी.”

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सूचना आज सकाळी ९ वाजता मालकाच्या घराच्या पायरीशी, हत्तींच्या मधे ठेवली. वर एक झेब्रा, वाऱ्याने उडू नये म्हणून. आईने नव्या सरबताची बाटली उघडून नळी घातली. मावशी पलीकडच्या भोकात खुर्ची टाकून बसली होती. नक्कल इथे ठेवते.

श्री. प्लुआंग यांस,
पट्टी क्र. ४, बांग तुरियन.

आपल्या मालकीच्या जमिनीवर १२ नोव्हेंबर रोजी आपल्याला न विचारता घर बांधण्यात आले, याबद्दल बांधणारे दिलगीर आहेत. घर चांगलं आहे. ते मोडायचं नाही. दीड मीटर उत्तरेस सरकवायचं आहे. तिथे सकाळचं ऊन येतं आणि कुणाच्या घराची सावली पडत नाही. मी सकाळी सात ते संध्याकाळी पाच दर तासाला तपासलं. फुलं, उदबत्ती आणि लाल सरबत पूर्वीप्रमाणे चालू राहील. याची हमी माझी आई श्रीमती तिम घेते. आपण तिला ओळखता. ती लहानपणी आपल्या बागेत यायची.

कारण: आपल्या चरावर पूर्वी माडाचं खोड होतं. त्याच जागी आता माझी मावशी लमुन हिला रोज ये-जा करायची आहे. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, पण ते मुख्य कारण नाही. तिला आता फार थोड्या गोष्टी लक्षात राहतात. ७.८ किलोमीटर राहत नाहीत. नऊ पावलं राहतात. ती किती दिवस राहतील हे वैद्यांना सांगता येत नाही, म्हणून घाई करावी लागते आहे.

उत्तर स्वप्नात द्यायचं असल्यास आईला द्यावं. मला स्वप्नं आठवत नाहीत. अंक देऊ नयेत.

आपली हरकत असल्यास कृपया शुक्रवार, १३ डिसेंबर, दुपारी चार वाजेपर्यंत कळवावे.